हक्क सरतो, ऋण सरत नाही

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर नात महाविद्यालयासाठी निबंध लिहीत बसली होती. विषय होता ‘गायकवाड घराण्याचा उदय’. आमच्या वेळी असा निबंध म्हटला की शाईचे पेन, फुलस्केप कागद आणि मध्यवर्ती ग्रंथालयाच्या दोन-तीन फेऱ्या एवढे तरी लागत असे. तिचे सारे काम मांडीवरच्या संगणकावर, दीड तासात आटोपले. “आजोबा, ऱ्हस्व-दीर्घ तेवढे बघा ना,” असे म्हणून तिने तो पडदा माझ्यापुढे सरकवला.

पहिले दोन परिच्छेद तिचे स्वतःचे होते. वाक्ये आखूड आणि दोन ठिकाणी गुजराती वळणाची. तिसऱ्या परिच्छेदापाशी मी थबकलो. भाषा एकाएकी बदलली होती. वाक्य लांब, भारदस्त, तोलून-मापून टाकलेले. ही चाल मी ओळखत होतो. वडिलांच्या कपाटातले ‘मराठी रियासती’चे खंड मी शाळकरी वयात, निम्मे समजत आणि निम्मे न समजत, वाचून काढले होते.

“हा मजकूर कुठून घेतलास?”

“नेटवरून.”

“नेटवर कोणी लिहिला?”

“ते तिथे दिलेलेच नाही.”

मी रियासतकारांचे नाव सांगितले, खंड काढून तिला तो उतारा दाखवला. मला वाटले, पोर ओशाळेल. तिने हातातल्या फोनवर काहीतरी पाहिले आणि म्हणाली, “आजोबा, सरदेसाई वारले १९५९ साली. साठ वर्षे कधीच झाली. आता त्यावर कोणाचाही कॉपीराइट नाही. कोणीही वापरू शकतो.”

कायद्याच्या दृष्टीने तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते, आणि तरीही तो परिच्छेद तसाच राहू द्यावा असे मला वाटेना. ती कुठे बरोबर होती आणि कुठे चुकत होती, याचा उलगडा करता करता त्या दिवशी आमची संध्याकाळ गेली. तीच चर्चा थोडी नीट मांडून वाचकांपुढे ठेवावी, या हेतूने हा लेख लिहीत आहे. आज घरोघरी मुले ज्ञानासाठी ग्रंथालयाची पायरी न चढता पडद्यावर जातात. तेथे सापडलेले काय घ्यावे, किती घ्यावे आणि घेतल्यावर काय सांगावे, हा प्रश्न आता विद्वानांपुरता राहिलेला नाही.

घड्याळ कायद्याचे

प्रथम कायद्याचा हिशेब. जुन्या मराठी पुस्तकांच्या पहिल्या पानावर ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे छापलेले असे, आणि त्याखाली बहुधा ‘सन १८६७ चा आक्ट २५ प्रमाणे नोंदले आहे’ अशी ओळ. आपल्या आजोबा-पणजोबांना हा विषय अपरिचित नव्हता. आज जो कायदा चालतो तो १९५७ चा. तो २१ जानेवारी १९५८ पासून अंमलात आला आणि नंतर वेळोवेळी दुरुस्त होत गेला.

मूळ कायद्यात लेखकाच्या हयातीनंतर ५० वर्षे त्याच्या वारसांचा हक्क चाले. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली निवर्तले; त्यांच्या लेखनावरील हक्क १९९१ च्या अखेरीस संपणार होता. त्या निमित्ताने ही मुदत वाढवून ६० वर्षे करण्यात आली. मोजणी मृत्यूच्या पुढील वर्षाच्या पहिल्या दिवसापासून होते. गोविंद सखाराम सरदेसाई २९ नोव्हेंबर १९५९ रोजी वारले. म्हणजे ३१ डिसेंबर २०१९ ला त्यांच्या स्वतःच्या लेखनावरील हक्क सरला. साने गुरुजी १९५० साली गेले. ‘श्यामची आई’ २०११ च्या पहिल्या दिवसापासून सर्वांची झाली. नातीचे गणित चोख होते.

परंतु हे घड्याळ दिसते तितके सरळ चालत नाही. बहिणाबाई चौधरींचेच उदाहरण घ्या. त्या १९५१ च्या डिसेंबरात वारल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली ती १९५२ साली. लेखकाच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या लेखनाची साठ वर्षे मृत्यूपासून मोजत नाहीत, प्रसिद्धीपासून मोजतात. त्या हिशेबाने पहिल्या आवृत्तीतील गाणी २०१२ च्या अखेरीस मोकळी झाली. पण त्याच पुस्तकाला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे. अत्रे १९६९ साली वारले. त्या प्रस्तावनेवरचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत राहणार. पुस्तक एकच, त्यात घड्याळे दोन! मोकळे झाले म्हणून कोणी सबंध पुस्तक पानोपान पडद्यावर चढवील तर तो फसेल. तीच गोष्ट जुन्या ग्रंथांच्या नव्या आवृत्त्यांची. ज्ञानेश्वरीवर कोणाचा हक्क नाही. पण हयात असलेल्या संपादकाने तिला जोडलेली प्रस्तावना, टिपा आणि अर्थ यांवर त्याचा आहे.

हक्क असतो तोही शब्दरचनेवर, माहितीवर किंवा कल्पनेवर नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या नाटकाच्या खटल्यात हे स्पष्ट केले. दमाजी गायकवाडांच्या स्वाऱ्या ही कोणाची मालमत्ता नाही. त्या स्वाऱ्यांचे सरदेसायांनी ज्या शब्दांत वर्णन केले ते शब्द त्यांचे.

शिवाय कायदा विद्यार्थ्याशी कठोर नाही, हेही सांगितले पाहिजे. स्वतःच्या अभ्यासासाठी, संशोधनासाठी, टीका वा परीक्षणासाठी रास्त प्रमाणात उतारा घेण्यास त्यात मुभा आहे. दिल्ली विद्यापीठाजवळच्या एका छायाप्रतींच्या दुकानावर काही मोठ्या परदेशी प्रकाशकांनी दावा केला होता. नेमलेल्या पुस्तकांतील प्रकरणांच्या प्रती काढून विद्यार्थ्यांसाठी त्यांचे संच बांधले जात. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतींना कायद्याचे संरक्षण आहे असे ठरवले आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी तो दावा सोडून दिला. मात्र ‘चार ओळी चालतात’, ‘दहा टक्के चालतात’ अशी जी गणिते लोक एकमेकांना सांगतात, त्यांना कायद्यात आधार नाही. किती घेतले याबरोबरच कशासाठी घेतले आणि त्याने मूळ पुस्तकाच्या खपाला धक्का बसतो काय, हे न्यायालय पाहते.

बडोद्याचे पहिले पुस्तक

आता दुसरा हिशेब. त्यासाठी मी नातीला आपल्याच गावात छापलेल्या एका पुस्तकाकडे नेले. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत संस्कृत ग्रंथांच्या प्रकाशनासाठी ‘गायकवाड प्राच्य ग्रंथमाला’ सुरू झाली. तिचे पहिले पुष्प १९१६ साली निघाले : राजशेखराची ‘काव्यमीमांसा’. पाटणची जैन ग्रंथभांडारे धुंडाळणारे चिमणलाल डाह्याभाई दलाल आणि आर. अनंतकृष्ण शास्त्री यांनी तिचे संपादन केले. राजशेखर हा इसवी सन ९०० च्या सुमारास कनोजच्या दरबारी असलेला कवी. पण त्याचा पणजा अकालजलद याला तो स्वतःच महाराष्ट्राचा चूडामणी म्हणतो, तेव्हा आपल्याला तो थोडा घरचा वाटला तर नवल नाही.

या ग्रंथात दुसऱ्याचे शब्द आणि दुसऱ्याचे अर्थ उचलण्यावर स्वतंत्र अध्याय आहेत. अकराव्यात शब्दहरण, पुढच्या दोहोंत अर्थहरण. हरणाचे प्रकार तो वैद्याने रोगाचे प्रकार सांगावेत तसे सांगतो. अर्थ सारा परक्याचा, फक्त वाक्ये फिरवलेली, याला त्याने ‘प्रतिबिंबकल्प’ असे नाव दिले आहे. पुस्तकातला परिच्छेद घेऊन शब्द पालटून आपला म्हणून खपवणाऱ्यांची आज जी तक्रार होते, तिला हजार वर्षांपूर्वीच नाव मिळालेले होते.

त्या अध्यायाच्या आरंभी तो जुन्या आचार्यांचे एक मत देतो. त्याचा आशय असा : माणसाने केलेली इतर चोरी काळ लोटला की विरून जाते, वाणीची चोरी मात्र मुलांच्या आणि नातवंडांच्या पिढीतही विरत नाही. त्यावर तो आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचे म्हणणे देतो, आणि तेही तिच्या नावानिशी. ही विदुषी दुसऱ्याचे उचलण्याची कारणे एकापाठोपाठ एक मोजून दाखवते : तो अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध, त्याची वाणी गुळवेलीसारखी, माझी द्राक्षासारखी, याचा कर्ता दूर देशी आहे, हे ज्यांना ठाऊक होते ते आता राहिले नाहीत, याचे मूळच नष्ट झाले आहे. अशा कारणांनी कवीने खुशाल हरण करावे, असे तिचे मत म्हणून तो नोंदवतो. ती हे मनापासून म्हणते की चोरांच्या मनातले बोलून दाखवते, हे पंडितांनी ठरवावे. मला मात्र ती यादी वाचताना आजचा काळ आठवतो. पडद्यावर सापडलेल्या मजकुराविषयी हीच कारणे आपण रोज ऐकतो. लेखक कोण ते दिलेले नाही. असेल कोणी परदेशातला. मूळ पुस्तक आता मिळत नाही. कोणाला कळणार आहे?

‘मुलांच्या आणि नातवंडांच्या पिढीतही’ हे शब्द मी नातीला पुन्हा वाचून दाखवले. कायद्याच्या हक्काला साठ वर्षांची मुदत आहे. श्रेय देण्याच्या ऋणाला मुदत नाही. हे दोन हिशेब वेगळ्या वह्यांतले आहेत, आणि एकातली जमा दुसऱ्यात चालत नाही. हक्क संपला म्हणून नाव गाळता येत नाही. तसेच नाव दिले म्हणून, हक्क चालू असलेले पुस्तक सबंध उतरवून घेता येत नाही. तेथे परवानगीच लागते.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. अभंगाच्या शेवटी संतांची नाममुद्रा येते. ज्ञानेश्वरांनी गीतेवर एवढी मोठी टीका लिहिली, तरी शेवटी आपण व्यासांच्या मागोवा घेत आणि भाष्यकारांना वाट विचारीत आलो, हे कबूल केले. पोथी नकलणारा लेखकूसुद्धा अखेरीस आपले नाव, गाव, शक आणि तिथी लिही व समोरच्या प्रतीत जसे होते तसे उतरले, असे सांगे. आजच्या तळटिपेत याहून वेगळे काय असते?

कायद्यानेही हा दुसरा हिशेब अगदीच वाऱ्यावर सोडलेला नाही. त्याच्या ५७ व्या कलमात लेखकाचे विशेष हक्क आहेत. लेखकाने आपले सारे आर्थिक हक्क विकून टाकले, तरी ‘हे मी लिहिले’ असे म्हणण्याचा आणि आपल्या कृतीच्या विकृतीला हरकत घेण्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो. पूर्वी लेखकाच्या पश्चात वारसांना कर्तृत्वाचा दावा करता येत नसे. २०१२ च्या दुरुस्तीने ती अट काढली. विकृतीविरुद्धच्या हक्काला असलेले मुदतीचे बंधनही त्याच दुरुस्तीने गेले. राजशेखराने उल्लेखिलेली मुले-नातवंडे अशा रीतीने अकराशे वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात आली!

पडद्यावरचे ग्रंथालय

“पण नेटवर तर सगळे फुकटच असते,” ही नातीची पुढची शंका. फुकट वाचायला मिळणे आणि आपले होणे, यांत फरक आहे. सयाजीरावांनी १९१० साली बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला आणून बडोद्यात सार्वजनिक ग्रंथालयांची योजना उभी केली. पुस्तके विनामूल्य वाचता येऊ लागली. म्हणून काही कोणी ग्रंथालयातल्या पुस्तकावर आपले नाव घातले नाही. पडद्यावरचे ग्रंथालयही तसेच आहे. फक्त तेथे प्रत्येक दालनाच्या दारावर वेगळी पाटी असते, आणि ती वाचण्याची सवय आपल्याला नाही.

एक उदाहरण देतो. येथून फार लांब नसलेल्या गांधीनगरात ‘इन्फ्लिबनेट’ ही संस्था आहे. भारतातील विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध एकत्र ठेवणारे ‘शोधगंगा’ हे भांडार ती चालवते. प्रबंधाची संगणकीय प्रत द्यावी, असा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली केला. पूर्वी प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात कुलूपबंद असत. परगावच्या माणसाला त्यांचे दर्शन दुर्लभ. आता कोणीही घरी बसून ते उघडू शकतो. त्यावर पाटी आहे ती ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याची. हे परवाने अमेरिकेतील एका संस्थेने २००२ पासून जगाला वापरायला दिले. लेखकाने आगाऊच सांगून ठेवायचे की कोणत्या अटींवर माझे घेता येईल, म्हणजे प्रत्येकाने पत्र लिहून विचारायला नको. शोधगंगेवरील अटी तीन : लेखकाला श्रेय द्या; व्यापारासाठी वापरू नका; त्यावरून काही नवे तयार कराल तर तेही याच अटींवर इतरांना द्या. वाण्याच्या उधारीपेक्षाही या अटी सोप्या आहेत, पण पहिलीच बहुधा विसरली जाते.

विसरणाऱ्यांसाठी आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. प्रबंधातील इतरांशी जुळणारा मजकूर १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यावा लागतो, ४० ते ६० पर्यंत असेल तर सुधारलेला प्रबंध वर्षभर सादर करता येत नाही, आणि ६० च्या वर गेला तर नोंदणीच रद्द होते. अवतरणचिन्हांत, श्रेय देऊन घेतलेला उतारा या मोजणीत धरीत नाहीत. म्हणजे ज्याने सरळ सांगितले त्याला भय नाही. लोकांच्या तोंडी असलेले ‘दहा टक्के’ येथून आले. ते विद्यापीठाच्या शिस्तीचे माप आहे. कॉपीराइट कायद्याशी त्याचा संबंध नाही.

आणि यंत्राची ही मोजणीही सर्वज्ञ नाही. मराठी पुस्तकातला उतारा गुजरातीत किंवा इंग्रजीत उतरवून घेतला तर यंत्राला तो सहसा ओळखू येत नाही. दोन-तीन भाषांच्या शेजारात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा मोह अधिक. भाषांतरालाही हक्क चालू असेतो परवानगी लागते, आणि नाव तर नेहमीच द्यावे लागते. हल्ली प्रश्नांची उत्तरे लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. ती कोणाच्या पुस्तकावर विसंबली हे बहुधा सांगत नाहीत, आणि फार आग्रह केला तर कधी कधी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचे नाव देतात! अशा उत्तराचा मूळ आधार शोधून पाहिल्याशिवाय ते निबंधात घेऊ नये, एवढे मी नातीला बजावले.

दुसरे उदाहरण मराठी विश्वकोशाचे. वाईच्या मंडळाने सिद्ध केलेला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी संपादक म्हणून आकाराला आणलेला हा कोश १९७६ पासून खंडश: निघाला आणि आज पडद्यावर वाचता येतो. मुले खाली फक्त ‘विश्वकोश’ असे लिहून मोकळी होतात. पण नोंदींच्या तळाशी लेखकाचे नाव दिलेले असते. कोणी महिना महिना खपून ती नोंद लिहिली आणि आपण ती एका संस्थेच्या नावात बुडवून टाकली, हे बरे नव्हे.

जुन्या पुस्तकांची पाने छापून पडद्यावर ठेवणाऱ्या संस्थांबाबत एक प्रश्न नेहमी निघतो. शंभर वर्षांपूर्वीच्या पानाचे छायाचित्र घेणाऱ्याला त्या पानावर नवा हक्क मिळतो काय? सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा संग्रह छापणारी लखनौची एक प्रकाशनसंस्था आणि तेच निकाल संगणकाच्या तबकडीवर आणणारे डी. बी. मोडक यांच्यातील खटल्यात २००७ साली न्यायालयाने सांगितले की मूळ निकाल सर्वांचे आहेत, आणि नुसत्या श्रमाने हक्क उपजत नाही; त्यात थोडी तरी स्वतःची बुद्धी व निवड दिसली पाहिजे. या तर्काने पाहता यांत्रिक छायाचित्राला नवा हक्क मिळणे अवघड आहे. पण येथेही दुसरी वही उघडीच राहते. कोण्या ग्रंथपालाने वाळवीपासून ते पुस्तक जपले म्हणून ते तुमच्या पडद्यावर आले. कायदा त्याला काही देणार नाही. तुमची तळटीप देऊ शकते.

तळटीप कशासाठी

नातीचा शेवटचा आक्षेप असा की एवढे नाव-गाव लिहून उपयोग काय? मानपानच ना?

मान आहेच. पण त्याहून मोठा उपयोग वाट राहण्याचा आहे. सरदेसाई १८८९ साली महाराजांच्या सेवेत आले, राजपुत्रांना शिकवले आणि नोकरी सांभाळून रियासतीचे काम केले. पुढे १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड त्यांनी संपादित केले. नवे कागद हाती आले तसे आपलेच पूर्वीचे लेखन त्यांनी पुन्हा तपासले आणि सुधारले. आता नातीने ज्या संकेतस्थळावरून उतारा घेतला त्यावर ना लेखक, ना आवृत्ती, ना पान. तो उतारा सुधारण्यापूर्वीचा की नंतरचा? मध्ये कोणी शब्द बदलला की काय? हे कळायला मार्ग उरत नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून कागद मिळवीत, आणि कोणता कागद कोणत्या गावी कोणाच्या घरी मिळाला हे छापीत. म्हणून आजही त्यांच्याशी वाद घालता येतो. ज्याचा आधार दिलेला नाही त्याच्याशी वादही घालता येत नाही. फक्त विश्वास ठेवता येतो किंवा ठेवता येत नाही.

मग आम्ही दोघांनी बसून एक नमुना तयार केला. प्रश्न पाचच : कोणी लिहिले, कशात लिहिले, कोणी व कुठे छापले, केव्हा, आणि कोणत्या पानावर. पडद्यावर पाहिले असेल तर त्यात दोन भर : कोठे पाहिले आणि कोणत्या तारखेला पाहिले. तारीख अशासाठी की छापलेले पान बदलत नाही, पडद्यावरचे रातोरात बदलते किंवा नाहीसे होते. काव्यमीमांसेचा आधार द्यायचा तर असा : राजशेखर, ‘काव्यमीमांसा’, संपादक चि. डा. दलाल व आर. अनंतकृष्ण शास्त्री, गायकवाड प्राच्य ग्रंथमाला क्रमांक १, बडोदे, १९१६, अध्याय ११. अमुक संकेतस्थळावर अमुक दिवशी पाहिले. एवढ्याने कवी, संपादक, ग्रंथमाला, गाव आणि जपणारा, सर्वांचे देणे एका ओळीत फिटते. एक पथ्य मात्र पाळावे. पुस्तक स्वतः न पाहता दुसऱ्याच्या लेखातून उतारा घेतला असेल, तर तसे लिहावे. न पाहिलेले पाहिले म्हणणे हीही लबाडीच.

घरातली पेटी

हे सारे विद्यार्थ्यांचे झाले. आपल्या घरांचेही यात काही अडकले आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथल्या जुन्या मराठी घरांत एखादी तरी पेटी असते. तीत पत्रे, हिशेबाच्या वह्या, कीर्तनाची टिपणे, नाटकमंडळींची छायाचित्रे असतात. हल्ली कोणी अभ्यासू तरुण येतो, फोनने त्यांची छायाचित्रे घेतो आणि ती जगभर पोचतात. हे चांगलेच आहे. पेटीत राहून वाळवीच्या मुखी जाण्यापेक्षा बरे. पण देताना दोन गोष्टी ध्यानात असाव्यात.

एक म्हणजे कागद आपला असला तरी शब्द आपले असतीलच असे नाही. पणजोबांना आलेले पत्र हा आपल्या घरचा कागद. पण त्यातील मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा व त्याच्या वारसांचा. ते पत्र कधी प्रसिद्ध झाले नसेल, तर वर बहिणाबाईंच्या गाण्यांबाबत सांगितलेला प्रसिद्धीपासून मोजण्याचा नियम येथेही आड येऊ शकतो. छायाचित्राचे वेगळे : १९५७ च्या कायद्याप्रमाणे मोबदला देऊन ते काढवून घेतले असेल आणि दुसरा करार नसेल, तर पहिला हक्क काढवून घेणाऱ्याचा. म्हणून पेटी उघडून देण्यापूर्वी कोणते काय आहे हे पाहावे, आणि ‘अमुक घराण्याच्या संग्रहातून’ एवढी ओळ प्रत्येक प्रतीखाली राहील, असे लेखी ठरवून घ्यावे. त्यात संकोच नको.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. अवंतिसुंदरीच्या यादीतले ते एक कारण मला फार टोचते : हे ज्यांना ठाऊक होते ते आता राहिले नाहीत. आमच्याच भिंतीवर एका नाटकाच्या तालमीचे छायाचित्र आहे. बारा माणसे. वडील असताना सर्वांची नावे सांगत. आज मला सात सांगता येतात. माझ्यानंतर नातीला किती येतील? कोण्या परक्या माणसाने नाव गाळले म्हणून आपण रागावतो. येथे तर नावे आम्हीच गाळत चाललो आहोत, आणि तीही चोरी न करता, नुसत्या आळसाने.

त्या संध्याकाळी निबंध पुरा झाला. रियासतकारांचा परिच्छेद नातीने काढला नाही. अवतरणचिन्हांत घातला आणि खाली खंड, आवृत्ती, पान लिहिले. मग ती उठली आणि भिंतीवरचे छायाचित्र उतरवून माझ्यापुढे ठेवून म्हणाली, “सात तर सात. सांगा.” मी सांगत गेलो, ती मागच्या पुठ्ठ्यावर मऊ शिसपेन्सिलीने लिहीत गेली : डावीकडून पहिले, दुसरे, चौथे. ज्यांची नावे आली नाहीत तेथे तिने रिकामी जागा ठेवली आणि शेवटी लिहिले, ‘माहिती आजोबांकडून’, आणि त्या दिवसाची तारीख.

जुन्या घरांतल्या वाचकांना माझी एवढीच विनंती आहे, की या रविवारी एक पेन्सिल घेऊन बसावे. त्या पाच रिकाम्या जागांतली नावे आपल्यापैकी कोणाच्या तरी आठवणीत अजून असतील.